बाबांना माहीत आहे का?

इमिग्रेशनच्या खिडकीमागच्या साहेबाने माझ्या सहा वर्षांच्या लेकीला विचारलं, "या कोण?" मायलेकींची आडनावं वेगळी, बाबा बरोबर नाहीत, तेव्हा प्रश्न रास्तच. लेकीने मला नीट निरखलं. "आई. पण आज चिडलीये."

"बाबांना माहीत आहे का?"

"नाही," ती हळूच म्हणाली. "सांगायचं नाहीये."

साहेबाची खुर्ची करकरली. मी झटकन बाबांचं संमतिपत्र पुढे सरकवलं.

त्या एका पानावर मी तीन आठवडे घालवले होते. लेकीचं नाव, जन्मतारीख, दोघींचे पासपोर्ट नंबर, जायची-यायची तारीख, मुक्कामाचा पत्ता, नवऱ्याचा फोन. नवऱ्याने घरीच ऐटीत सही ठोकली, ती वाया गेली. नोटरी साक्षीदार असतो तो त्याच्या डोळ्यांदेखत केलेल्या सहीचा. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून नवी प्रत. सोबत नवऱ्याच्या पासपोर्टची झेरॉक्स आणि दोघांची नावं असलेला जन्मदाखला. परतीच्या तारखेपुढे चार दिवस जास्तीचे धरले, कारण विमान रखडलं तर पत्रातली मुदत संपते. आणि सगळं हातातल्या पिशवीत! हे कागद मोठ्या बॅगेत टाकणारे महाभाग असतात. इथे कागद मागतात तेव्हा ती बॅग हाताशी नसते.

बरं, सक्ती आहे का? उदाहरणार्थ, कॅनडाचं सरकार सांगतं, असं पत्र कायद्याने सक्तीचं नाही, पण जवळ ठेवा. म्हणजे नसलं तर अडवू शकतात, आणि असलं तरी बघतीलच असं नाही. धड चिडायचीही सोय नाही. आईबापांपैकीच एकाने मूल परदेशी पळवून न्यायचे प्रकार इतके, की त्यासाठी १९८० साली नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. कबूल. पण पळवून नेणारी बाई प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन रांगेत उभी राहील का हो?

साहेबाने पत्रावरचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. नवऱ्याकडे तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले.

"बाबांना काय सांगायचं नाहीये?" साहेब खिडकीतून पुढे वाकला.

लेकीने पाठीवरची सॅक उतरवली, चेन उघडली आणि बाबांचा चार्जर काउंटरवर ठेवला. "माझ्या टॅबला हाच लागतो."

मग साहेबाने पत्रातली सही पासपोर्टच्या झेरॉक्सवरच्या सहीशी ताडून पाहिली, जन्मदाखल्यात माझं नाव बोट ठेवून शोधलं आणि वीस मिनिटांनी शिक्का मारला. वर म्हणतो, "पुढच्या वेळी आजीचाही नंबर द्या." बरोबर होतं त्याचं, म्हणून तर जास्त लागलं.

सकाळी शेजाऱ्यांच्या फोनवरून नवऱ्याचा मेसेज आला: पोचलात का? आणि माझा चार्जर कुठेय?