चौतीस इंचांची पट्टी आणि लेफ्ट टॅकल

अमेरिकन फुटबॉलची लीग म्हणजे एनएफएल, आणि तिचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट. २०२५च्या ड्राफ्टआधी लुइझियाना स्टेट कॉलेजच्या विल कॅम्पबेलचे हात मोजले गेले आणि एक मत सगळीकडे फिरायला लागलं: "हात ३४ इंचांचे नाहीत? मग याला टॅकलवरून काढा, गार्डला खेळवा. आखूड हातांचे टॅकल लीगमध्ये दिसतात का कुठे? आकडे खोटं बोलत नाहीत." (टॅकल म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला सांभाळणाऱ्या फळीच्या टोकाचा खेळाडू, डावीकडचा तो लेफ्ट टॅकल; गार्ड त्याच्या आतल्या बाजूला उभा राहतो.) रात्री जागून सामने बघणारी आपली मंडळीही हे आता छातीठोकपणे सांगतात. मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही.

आधी ते मोजमापच घ्या. खांद्याच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात. कॅम्पबेलचा हात कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची सगळ्यांची एकत्र चाचणी) ३२ ५/८ इंच भरला आणि काही आठवड्यांनी प्रो डेला, म्हणजे कॉलेजातल्या चाचणीत, ३३. तेवढ्यात पोराचा हात काही वाढला नसणार. ज्या मापात इतका फरक पडतो, त्याच्या जोरावर माणसाची जागा ठरवायची?

लांब हातांचा फायदा मात्र खरा आहे. एज रशर (कडेनं क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) बाहेरून सुसाट येतो तेव्हा ज्याचा तळवा आधी समोरच्याच्या छातीवर पोचतो, त्याच्या मर्जीनं पुढची झटापट चालते. पाऊल चुकलं तरी लांब हात वेळ निभावून नेतो. पण पाऊलच चुकत नसेल तर? जो थॉमसचे हात या ३४च्या पट्टीत बसत नव्हते. क्लीव्हलंड ब्राउन्सनी त्याला २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं (त्या दिवशी हा पठ्ठ्या समारंभ सोडून वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे धरत होता!). त्यानंतर तो लेफ्ट टॅकलवर सलग १०,३६३ स्नॅप (चेंडू खेळात येऊन सुरू होणारे छोटे डाव) खेळला आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

उलट ग्रेग रॉबिन्सन बघा. हात ३५ इंचांचे, दीडशे किलोंचा देह आणि ४० यार्ड ४.९२ सेकंदांत. रॅम्सनी २०१४ मध्ये दुसऱ्याच क्रमांकावर उचलला आणि तीन हंगामांनंतर डेट्रॉइटला देऊन टाकला. त्याच्या कॉलेजचा, ऑबर्नचा, सगळा खेळ चेंडू घेऊन पळण्यावर उभा होता, त्यामुळे मागे सरकत क्वार्टरबॅकला सांभाळायची वेळ त्याच्यावर कमीच आली होती. टेपनं ते कसं कळावं?

सगळ्यात फसवा मुद्दा "लीगमध्ये दिसत नाहीत" हा. दिसतील कसे? संघच त्यांना आधी आत, गार्डच्या जागी, सरकवतात. नोत्र दाम कॉलेजचा लेफ्ट टॅकल झॅक मार्टिन २०१४ मध्ये डॅलसला गेला आणि गार्ड झाला. तिथे तो लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक ठरला, पण टॅकलवर तो जमला नसता हे त्यातून सिद्ध होत नाही. नॉर्थवेस्टर्न कॉलेजची जोडी तर याहून बोलकी आहे. रशॉन स्लेटरचे हात ३३ इंचांचे. करोनाच्या २०२० सालात तो खेळला नाही आणि त्याच्या जागी लेफ्ट टॅकलला पीटर स्कोरोन्स्की उभा राहिला. स्लेटरला चार्जर्सनी २०२१ मध्ये तेराव्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट टॅकललाच ठेवलं, पहिल्याच हंगामात तो ‘प्रो बोल’पर्यंत, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत, पोचला. आणखी आखूड हातांच्या स्कोरोन्स्कीला टेनेसीनं २०२३ मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलं आणि गार्ड केलं. ज्याला परीक्षेलाच बसवलं नाही, त्याला नापासांच्या यादीत कसं घालायचं?

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणे. टॅकल ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर २०१८च्या कंबाइनमध्ये ४० यार्ड धावायला ५.८५ सेकंद घेऊन हसं करून बसला, घसरत ८३व्या क्रमांकावर गेला आणि पुढे चार वेळा ‘प्रो बोल’साठी निवडला गेला.

स्लेटरबद्दल जाणकार बोलत होते ते २०१९च्या ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्याबद्दल, कारण तिथे त्यानं चेस यंग या एज रशरला थोपवून धरलं होतं. असा एक सामना, तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, मला दहा मोजमापांपेक्षा जास्त सांगतो.

कॅम्पबेलला मी मुद्दामच साक्षीला काढलेलं नाही. न्यू इंग्लंडनं त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि लेफ्ट टॅकललाच उभं केलं, पण एवढ्या नव्या कारकिर्दीवरून कुणीच निकाल देऊ नये. त्याला कुणी चकवून आत घुसलं की चित्रफीत थोडी मागे घ्या आणि आधी पाय बघा: पहिलं पाऊल उशिरा पडलं का, कंबर लवकर वळली का. तिथे काही सापडलं नाही, तर मग खुशाल हातांबद्दल बोलू.