घाई करू नका, दहावी अजून लांब आहे

तुमचा मुलगा तिसरीत आहे. तोंडी विचारलं तर फाडफाड उत्तरं देतो, आणि वहीत मात्र 'घर'चं 'धर' करतो, 'भात'चा 'मात' करतो, वाचताना ओळ गाळतो. कुणीतरी तुमच्या कानात 'अध्ययन अक्षमता' हे शब्द घातलेत आणि आता शाळेकडून मदत मिळावी अशी तुमची इच्छा आहे. उत्तम. फक्त उतावीळ होऊ नका. उतावीळ पालकांमुळेच शिक्षणाचा विचका झाला आहे.

शाळेत जाऊन डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अक्षमता, वगैरे बोलायला लागण्याआधी एक समजून घ्या. शाळेकडे निदान आधीच तयार असतं, तेही फुकट. 'आळशी आहे.' सोबत दोन जोडनिदानं मिळतात: 'हुशार आहे पण लक्ष देत नाही' आणि 'घरी अभ्यास घेत चला जरा'. बाईंच्या वर्गात साठ मुलं आहेत, शिवाय मतदार याद्या आहेत, ऑनलाइन माहिती भरायची आहे. त्यांना दोष देऊ नका. दोष मुलाला द्या, तो घरचाच आहे.

उपचारही ठरलेला आहे: चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आण. हा उपचार किती गुणकारी आहे ते पाहायचं असेल तर एकदा मुलगा लिहीत असताना शेजारी बसा. 'शाळा' हा शब्द तो दहा वेळा कसा लिहितो? आधी पानाच्या कडेने वरून खाली दहा 'श'. मग त्या प्रत्येकाला एकेक काना. मग शेजारून दहा 'ळ', आणि शेवटी पुन्हा दहा काने, त्यातला सातवा राहून जातो. शब्द एकदाही लिहून झालेला नाही, पण पान भरलं आहे. बाई लाल पेनाने बरोबरची खूण करतात, खाली 'अक्षर सुधारा' लिहितात, पालकांची सही मागतात. सही करा. उपचार लागू पडला.

घरातल्यांचाही सल्ला घ्या. आजोबा म्हणतील, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, छडी होती. मुलाचे बाबा म्हणतील, मीही असाच होतो, इंग्रजीत दोनदा गटांगळी खाल्ली, काय बिघडलं? डॉक्टर सांगतात की ही अडचण बऱ्याचदा घराण्यातून येते. तेव्हा बाबांचं हे वाक्य खरं तर केसपेपरवर लिहून घेण्यासारखं आहे. पण बाबांना ते सांगू नका.

काही पालक कायदा वाचतात. हा छंद वाईट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत धरली आहे. शाळांनी ती लवकरात लवकर ओळखावी आणि त्याप्रमाणे शिकवण्याच्या पद्धती वापराव्यात, असंही त्यात साफ लिहिलं आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तर अजूनच मजेदार: तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्रत्येक मुलाची प्राथमिक चाचपणी करायची. त्यासाठी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती. शाळा सरकारी असो की खासगी, समिती पाहिजेच. तुमच्या शाळेत ती कधी बसते, असं मुख्याध्यापकांना विचारून पाहा. ते तुम्हाला चहा देतील. मराठीत चाचणी नाही, असंही कुणी म्हणेल. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली मराठीसह चार भाषांतली चाचणी काढली. पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनी भरायची निराळी, तिसरी ते पाचवीसाठी निराळी. हे बोलून दाखवलंत तर चहाही मिळणार नाही.

विशेष शिक्षकाची मागणी तर चुकूनही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला अशा १० मुलांमागे १ आणि वरच्या वर्गांना १५ मुलांमागे १ विशेष शिक्षक असावा, असं सांगून टाकलं आहे. न्यायालयाचं काम सांगणं. प्रत्यक्षात कंत्राटावरचे फिरते शिक्षक असतात, ते एका गावातून दुसऱ्या गावात खरोखरच फिरत असतात. तुमच्या शाळेचा वार आला की नेमकी स्थानिक सुट्टी पडते.

आणि मुलासाठी काही सोपं करावं, असं समाजाला वाटेल, या भ्रमात राहू नका. आपल्या आकड्यांचंच बघा. २७ लिहिताना २ आधी, म्हणताना सात आधी. ज्याला आधी काय आणि नंतर काय हेच पक्कं धरता येत नाही, त्या मुलाची इथे दाणादाण उडते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असंही म्हणायची सोय करून दिली. जोडाक्षरं अडतात, उलटापालट होते, हे कारणही तज्ज्ञांनी सांगितलं. मग काय, अख्खा महाराष्ट्र हसून लोटपोट. विधानसभेतही विनोद झाले. मराठी वाचवायला त्या आठवड्यात जितके लोक धावले तितके एरवी ग्रंथालयात पाहायला मिळत नाहीत. तुमचा मुलगा सत्तावीस ऐकून ७२ लिहितो, पण भाषा सुखरूप आहे.

तर धीर धरा. पाचवी जाईल, सातवी जाईल. मुलगा फळ्यावरचं उतरवून घेणं सोडून देईल, पोटात दुखायला लागेल, विशेषतः चाचणीच्या दिवशी. मागच्या बाकावर त्याची सोय होईल. आणि मग नववीच्या दुसऱ्या सत्रात चमत्कार घडेल: शाळा स्वतःहून तुम्हाला फोन करेल.

एवढी वर्षं ज्यांना तो आळशी वाटत होता त्यांना अचानक तो दिव्यांग वाटू लागतो. कारण आता प्रश्न त्याच्या वाचनाचा उरलेला नसतो, शंभर टक्के निकालाच्या परंपरेचा असतो. तुमच्यापुढे दोन रस्ते ठेवले जातात. पहिला, सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून बसवा. 'त्याच्यावर ताण नको' हे कारण. दुसरा, 'ते एल.डी.चं, म्हणजे अध्ययन अक्षमतेचं, सर्टिफिकेट काढून आणा, सवलती मिळतात'. ही सूचना अशा सुरात केली जाते की जणू आजवर ते तुम्हीच दडवून ठेवलं होतं.

प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात जा. खासगी तज्ज्ञाचा भारी किमतीचा, आलेख काढलेला रंगीत अहवाल जवळ असेल तर तो खिडकीवर दाखवू नका, हसतील. आधी डोळे आणि कान तपासून आणायचे. मग बुद्ध्यंक. मग लिहिण्या-वाचण्याची आणि गणिताची चाचणी. प्रत्येकाची तारीख वेगळी. त्यात शाळेचं पत्र लागतं, आणि शाळेच्या पत्रात हमखास लिहिलेलं असतं: 'विद्यार्थी हुशार आहे, परंतु अभ्यासात दुर्लक्ष करतो.' म्हणजे ज्या गोष्टीचं प्रमाणपत्र आणायला शाळेने पाठवलं, तीच नाही असं शाळा लेटरहेडवर गोल शिक्का मारून देते. पत्र दुरुस्त करायला परत जा. लिपिक रजेवर असतील.

रांगेत तुम्हाला इतर पालक भेटतील. एखादीचा मुलगा पंच्याऐंशी टक्केवाला असेल आणि तिला फक्त जादा वेळ हवा असेल. तिचा राग करू नका. सवलत ही परीक्षेतच मिळते, हे तिने तुमच्या आधी ओळखलं, इतकंच.

कागद हातात पडला की सवलतींची यादी वाचा, मन भरून येईल. तासाला वीस मिनिटं जादा. शुद्धलेखनाच्या चुका माफ. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित. तिसरीत कुणी बोट धरून शिकवलं असतं तर बीजगणित सोडावं लागलं असतं का, असले प्रश्न या आनंदाच्या प्रसंगी काढू नयेत.

शिवाय लेखनिक. तो खालच्या इयत्तेतला हवा, म्हणजे नववीतला, आणि तो शोधायचा तुम्ही. मार्चमध्ये स्वतःची परीक्षा तोंडावर असताना दुसऱ्याची उत्तरं लिहायला कोण येतं? सोसायटीत विचारा, मावसबहिणीला विचारा, पेट्रोलचे पैसे आणि आईस्क्रीम कबूल करा. दोन्ही पोरांना एकत्र सराव द्यायची गरज नाही. शाळेत तसा तास नसतो. उत्तर सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, परिच्छेद कुठे पाडायचा, खोडायचं कसं, आकृतीचं काय, हे तुमचा मुलगा थेट पहिल्या पेपरला, पर्यवेक्षकांच्या देखत शिकेल. एरवी वर्गात तोंडी उत्तर देताना त्याला 'मध्ये मध्ये बोलू नकोस' असं सांगितलं जायचं, त्यामुळे तो थोडा अडखळेल.

निकाल लागला, मुलगा पास झाला, की चौकात फलक लागेल. त्यावर संस्थाचालक, त्यांचे मार्गदर्शक नेते आणि शंभर टक्के एवढंच असेल. शाळेत सत्कार होईल, तुम्हाला बोलावतील, जा. भाषणात 'आमच्या शाळेने एका विशेष विद्यार्थ्याला घडवलं' असं वाक्य येईल तेव्हा टाळ्या वाजवा. आणि अकरावीच्या प्रवेशाला जाताना प्रमाणपत्रावरची तारीख बघा. चौदाव्या वर्षी मिळालेलं अठराव्यापर्यंतच चालतं, पुढे पुन्हा तपासणी, पुन्हा ती खिडकी. जुना केसपेपर फेकू नका, मागतात.