साठीनंतर स्नायू ‘शिल्लक’ टाकता येत नाहीत

माझ्या मावशीने जिना चढणं बंद केलंय. गुडघा दुखतो म्हणून नव्हे, व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश वाचून. त्याचं म्हणणं असं: प्रत्येक स्नायूला जन्मतःच ठरावीक आकुंचनं मिळालेली असतात, तेव्हा साठीनंतर ती जपून वापरा. अस्वल महिनोन्‌महिने झोपतं तरी त्याची ताकद जात नाही, म्हणजे विश्रांतीच खरी. व्यायामानंतरचं दुखणं हे साचलेलं ॲसिड. आणि व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते, म्हणून सुरूच करू नका. सत्तरी ओलांडलेल्या बाईला घाबरवायला एवढं पुरतं, म्हणून मी चिडून लिहितेय.

पहिला मुद्दा सगळ्यांत खोटा आणि सगळ्यांत घातक. स्नायूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे तंतू एकाआड एक रचलेले असतात. मज्जातंतूकडून इशारा आला की पेशीत कॅल्शियम सुटतं, मायोसिनची डोकी ॲक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. तंतू स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी ही गोष्ट मांडली. या कामाला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, लागतं, आणि पेशी ते सतत नव्याने बनवत असते. झिजलेली प्रथिनं मोडून नवी घडवणंही रोज चालू असतं. मग संपणारा आकडा आहे कुठे? हृदय हाही स्नायूच आहे आणि ते दिवसाला सुमारे लाखभर वेळा आकुंचन पावतं, तुम्ही जिना चढा किंवा न चढा.

वयाबरोबर स्नायू घटतात, तंतूंची संख्याही कमी होते, हे मान्य करावंच लागेल. पण ते वापरून संपतात असं नाही, उलट बसून राहिल्याने ती घट वाढते. 1990 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात मारिया फियाटरोन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. संस्थेत राहणारे, नव्वदीच्या घरातले, अशक्त असे 10 जण. त्यांच्याकडून 8 आठवडे पायांचा, चांगल्या जड वजनाचा व्यायाम देखरेखीखाली करून घेतला. शेवटपर्यंत टिकलेल्या 9 जणांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली आणि मांडीतल्या स्नायूंचं क्षेत्रफळ 9 टक्क्यांनी. अभ्यास छोटा आहे, हे खरं. पण ठरावीक साठा असता तर नव्वदीतला एकही माणूस असा बळकट व्हायला नको होता. संदेश लिहिणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

अस्वलाची गोष्ट अर्धी खरी आहे. काळ्या अस्वलांवरच्या एका अभ्यासात 130 दिवसांच्या हिवाळी झोपेत त्यांची ताकद साधारण 23 टक्केच घटली होती. मात्र अस्वलाचं शरीर झोपेत युरियातला नायट्रोजन परत प्रथिनं बनवायला वापरतं. आपण तो लघवीवाटे टाकून देतो. निरोगी वयस्कर माणसंसुद्धा दहा दिवस अंथरुणावर राहिली तर पायातले स्नायू मोजता येतील इतके गमावतात. अस्वलाचा दाखला देऊन माणसाला झोपवणं हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

स्नायूंची चरबी होत नाही. दोन्हींच्या पेशी वेगळ्या आहेत, एक दुसरीत बदलत नाही. स्नायूंच्या मधे चरबी शिरते हे खरं, पण तीही बसून राहणाऱ्यांच्यात जास्त.

राहिलं ॲसिड. संदेशाचा रोख लॅक्टिक ॲसिडवर आहे, शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात असतं. मेहनतीनंतर वाढलेलं लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं, हृदय ते इंधन म्हणून वापरतं. अंग दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तेव्हा ते लॅक्टेट उरलेलंही नसतं. उतारावर चालल्यावर मांड्या जास्त दुखतात, कारण तिथे स्नायू ओढ धरून असतानाच ताणला जातो आणि त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. सवय नसलेल्या व्यायामानंतरचं हे दुखणं काही दिवसांत आपोआप जातं. दुखणं फार तीव्र असेल, सूज वाढत असेल किंवा लघवी गडद तपकिरी होत असेल, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.