पंचवीस फुटांवरची भिंत

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर भांडण चालू आहे. दर आठवड्याला नाशिकहून मुंबईला कारनं जाणारा आतेभाऊ एका बाजूला, आडगावला दोन ट्रक असलेला चुलतभाऊ दुसऱ्या बाजूला. आतेभाऊ म्हणतो, ट्रकवाल्यांनी लावलेले जादा एलईडी दिवे पोलिसांनी जागेवर काढून घ्यावेत. कसारा घाटात समोरून एक गाडी आली की पुढचं वळण अंदाजानं घ्यावं लागतं. चुलतभाऊ म्हणतो, तुम्ही एसीत बसून बोलता. निफाडकडे उसाच्या ट्रॉल्या मागे एक लाल दिवा न लावता चालतात, कंपनीच्या पिवळ्या लाइटमध्ये त्या दिसतात तेव्हा ब्रेक मारून उपयोग नसतो. शेवटी दोघांनीही मला मध्ये ओढलं: "तू अमेरिकेत ट्रक चालवतोस ना, तिकडे काय नियम आहे ते सांग याला."

"आमच्याकडे असं असतं" म्हणणाऱ्या परदेशी नातेवाइकाची गावात काय किंमत असते ते मला ठाऊक आहे. म्हणून नियमाआधी माझीच फजिती सांगतो.

मी इलिनॉयमध्ये राहतो आणि आय-८० रस्त्यानं आयोवा, नेब्रास्का करत वायोमिंगपर्यंत माल नेतो. दोन वर्षांपूर्वी स्वतःचा जुना ट्रक घेतला. दिवसा गाडी सोन्यासारखी; रात्री मात्र पुढे कुणी कंदील धरून चालल्यासारखा उजेड. इथल्या ट्रक लायसन्सच्या पुस्तकात एक हिशोब आहे. डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या लाइटवर, साधारण २५० फूट दिसतं, आणि ताशी ५५ मैलांना, म्हणजे ८८ किलोमीटरला, गाडी पूर्ण थांबायला ४१९ फूट लागतात. परीक्षेला हे पाठ केलं होतं. त्याचा अर्थ नेब्रास्कात रस्त्यावर हरीण उभं राहिलं त्या रात्री कळला. आणि हे २५० फूटसुद्धा धडधाकट लाइटचे.

मग मी तेच केलं जे चुलतभावानं केलं. ऑनलाइन झगझगीत एलईडी बल्ब मागवले आणि जुन्या तारेच्या हॅलोजन बल्बच्या होल्डरमध्ये खुपसले. यार्डात लावून पाहिले तर दिवाळी. रस्त्यावर नाकासमोरचे तीस फूट पांढरेफटक, त्यापुढे पहिल्यापेक्षा जास्त काळोख. समोरचे अप्पर, म्हणजे लांबचा लाइट, मारून मला शिव्या घालायला लागले, आणि मी तर डिपरवरच होतो! हॅलोजनची तार जिथे असते त्या जागेसाठी तो रिफ्लेक्टर घडवलेला असतो. उजेड त्या जागेवरून जरासा सरकला की लांब जायचा तो जवळ सांडतो आणि खाली राहायचा तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. असे बल्ब इथे रस्त्यावर कायद्याला मान्य नाहीत. मिळतात मात्र भाजीसारखे.

यार्डातल्या म्हाताऱ्या मेकॅनिकनं आधी ते काढायला लावले, मग माझ्या हातात मल्टिमीटर दिला. इंजिन चालू, लाइट चालू. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या मागच्या पिनांवर १२.३. मधले जवळजवळ दोन व्होल्ट जुन्या बारीक वायरीत, स्विचमध्ये आणि चासीवरच्या गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. हॅलोजनचा स्वभाव असा, की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास पडतो. माझा एक तृतीयांशाहून जास्त उजेड बल्बपर्यंत पोचण्याआधीच गेला होता. वर हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी पडलेली. इथले ट्रक १२ व्होल्टवर चालतात, म्हणून वायरीतली गळती जास्त बोचते. आपल्याकडच्या मोठ्या गाड्या २४ व्होल्टच्या, त्यांना जरा कमी. पण गंज दोन्हीकडे सारखाच.

दोन रिले (लाइटचा करंट जुन्या स्विचमधून न नेता थेट जोडणारे स्विच), बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज. अर्थिंगची जागा घासून लख्ख. काच पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरनं घासली, आधी जाड मग बारीक, आणि वर ऊन अडवणारा यूव्हीचा थर दिला, नाहीतर ती लवकरच परत पिवळी. बल्ब परत साधे हॅलोजन. मग म्हाताऱ्यानं गाडी भिंतीपासून बरोबर पंचवीस फुटांवर उभी केली, लाइटच्या उंचीवर खडूनं आडवी रेघ मारली आणि दोन्ही दिव्यांच्या उजेडाची धार रेघेच्या जराशी खाली येईपर्यंत स्क्रू फिरवत बसला. डावीकडचा दिवा आभाळाकडे बघत होता. त्या रात्री मला पाट्या दिसल्या. रस्त्याच्या पाट्या, चक्क!

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर आतेभाऊ लगेच: "बघ, अमेरिकेत शिस्त आहे." नाही रे बाबा. या देशानं १९४० पासून १९८३ पर्यंत एकाच ठरीव जातीचे सीलबंद हेडलाइट सगळ्या गाड्यांना सक्तीचे ठेवले. समोरच्या गाडीपुरता आपोआप अंधार सोडणारे दिवे युरोपात कधीचे फिरत होते. इथे त्यांना परवानगी २०२२ मध्ये मिळाली. उंच केलेले पिकअप रात्री इथेही डोळे जाळतात. आणि नव्या एलईडीची एक गंमत: हे दिवे थंड. वायोमिंगच्या हिमवादळात हॅलोजनची काच स्वतःच्या उष्णतेनं बर्फ वितळवते, एलईडीवर बर्फ साचून बसतो आणि ड्रायव्हर खाली उतरून खरवडत बसतो. आतून तापणारी काच मिळते, पैसे जास्त.

आपल्याकडे नियम नाही असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १०६ वा नियम वाचा: दिवा खाली असा झुकलेला हवा, की आठ मीटरच्या पुढे उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटरवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. हे तपासायला मशीन लागत नाही. भिंत आणि खडू पुरे. पण आमच्या नानांच्या ट्रकला आम्ही काय करायचो, तर पासिंगच्या दिवसापुरते चांगले बल्ब लावायचो आणि घरी आल्यावर काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचो. हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग मारलेला असायचा, तोच काय तो बंदोबस्त. नानांनी त्याच लाइटीत वर्षानुवर्षं लासलगावचा कांदा वाशीला नेला. कसे नेले, आता विचार केला की पोटात गोळा येतो.

म्हणून माझा कौल आतेभावाला अर्धाच. दिपवणारे दिवे काढा, जरूर काढा. पण मग ती ट्रॉली? इथे माझ्यापुढे अंधारात चालणाऱ्या ट्रेलरच्या मागे लाल-पांढरी चमकती पट्टी असते, रस्त्याच्या कडेची रेघ चमकते, म्हणून मला साधा हॅलोजन पुरतो. निफाडच्या रस्त्यावर ड्रायव्हरला सगळं स्वतःच्या दिव्यानं शोधावं लागतं; तो अप्पर मारणारच. बल्बच्या जोडीपेक्षा ट्रॉलीमागची पट्टी स्वस्त पडते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पट्टी नसलेली ट्रॉली मोजायची नाही, एवढं एका हंगामात करून बघा, मग ट्रकवाल्याचे एलईडी काढायला या. चुलतभावाला हे आवडलं. मग त्याला म्हटलं, तुझे ते चार जादा दिवे आधी उतरव. तो गप्प.

गंमत वाटेल, पण एक कबूल करतो: डिपरची भाषा दोन्हीकडे वेगळी आहे आणि मला अजून आपलीच जवळची वाटते. आपल्याकडे लाइट मारली की "मी येतोय, थांब". इथे मी ट्रक ओलांडून पुढे गेलो की मागे पडलेला ट्रकवाला आपला लाइट क्षणभर मिटून उघडतो, म्हणजे "पुढे झालास, ये माझ्या लेनमध्ये". मी ट्रेलरचे दिवे मिचकावून आभार मानतो. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी घाबरून थांबायचो.

परवा सकाळी यार्डात चहा पीत होतो, तर चुलतभावाचा व्हिडिओ कॉल. नाशिकला रात्रीचे नऊ. गोडाऊनच्या भिंतीवर कोळशाची रेघ, समोर ट्रक, क्लीनर टेपनं फूट मोजतोय.

"दादा, डावी लाइट रेघेच्या वर आहे. किती फिरवू स्क्रू?"

"गाडीत माल आहे का?"

"रिकामी आहे. द्राक्षं पहाटे भरायची, दिंडोरीला."

"मग आता हात लावू नको. माल भरला की मागचे स्प्रिंगचे पाटे दबतील, तोंड वर होईल. भरल्यावर लाव भिंतीला."

"पहाटे चारला भिंत कुठून आणू?"

क्लीनर मागून ओरडला, "ट्रॉलीच्या मागे लावू की, भाऊ!"