डांबर, फुगा आणि प्रकाशरावांचं ह्यूस्टन

घन इंधनावर उडणारं स्वस्त रॉकेट बनवणाऱ्या स्टार्टअपवाल्यांची बातमी सगळ्यांनी वाचलेलीच होती. शनिपाराजवळच्या कट्ट्यावर टेकल्या टेकल्या प्रकाशरावांनी निकाल लावला. ‘स्वस्त रॉकेट म्हणजे फटाका. आमचा मनीष म्हणतो, ह्यूस्टनला...’

‘मनीष बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे ना?’ मंजिरीनं चहा फुंकत विचारलं.

मंजिरी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत आली. तिच्याशी वाद घालायचा नसतो, हे आम्हाला कळतं. प्रकाशरावांना कळत नाही.

‘अमेरिकेत सगळं आधीपासून भारीच असतं,’ ते म्हणाले.

‘तुमच्या अमेरिकेत पार्सन्स नावाच्या रॉकेटवाल्यानं १९४२ मध्ये डांबरात पोटॅशियम पर्क्लोरेट, म्हणजे जळायला ऑक्सिजन पुरवणारं मीठ, कालवून घन इंधन केलं होतं. विमानांना उडताना ढकलायला.’

‘डांबर? रस्त्याचं?’ बंड्या खूष.

‘तसलंच. पण ते थंडीत तडकतं आणि उन्हात वाहतं. हे पुणेकरांना काय शिकवायचं! आणि इंधनाला तडा गेला की जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो, आत दाब वाढतो आणि नळीच फुटते. पेटल्यावर बंद करायला नळ नसतो. म्हणून पुढे डांबराऐवजी रबरासारखा पदार्थ आला. घन इंधनाचं रॉकेट स्वस्त असतं ते पंप आणि टाक्या नसतात म्हणून. अक्कल तेवढीच लागते.’

इथे बंड्याच्या १९८६ च्या रॉकेटचा विषय निघणं अटळ होतं. फटाक्यांची दारू, बांबूची नळी, आणि शेवटी मामांच्या लुनाच्या सीटला आरपार भोक.

‘दिशा बरोबर होती,’ बंड्या अजून म्हणतो.

‘मामांना विचार.’

प्रकाशरावांनी गाडी रुळावर आणली, म्हणजे स्वतःच्या. ‘पण आपलं केरळातलं थुंबा, रॉकेट सोडायचं केंद्र? २१ नोव्हेंबर १९६३ चं पहिलं रॉकेट अमेरिकनच होतं!’

‘होतंच. नाइके-अपाची. खालचा टप्पा त्यांच्या क्षेपणास्त्राच्या बूस्टरचा, म्हणजे लष्कराचा जुना माल. तोही घन इंधनाचाच, बरं का. ज्याच्यावरची हवा शास्त्रज्ञांना अभ्यासायची होती ते चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे होतं, रॉकेट त्यांच्याकडे. पण चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, आपलं स्वतःचं आरएच-७५ रॉकेट उडालंच की. व्यास पंचाहत्तर मिलिमीटर.’

‘एवढंसंच?’ प्रकाशरावांनी बोटांनी माप दाखवलं. ‘त्यापेक्षा आमच्या गच्चीवरचा पाइप जाड आहे.’

‘अमेरिकेचं लोकी नावाचं रॉकेटसुद्धा तीन इंचाचंच होतं. मोटर क्षणात जळून संपते, मग तिच्यापासून सुटलेला बारीक, जड बाण नुसत्या वेगावर वर जातो. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून बारीक. वर जाऊन धातूचे तुकडे सोडायचे, ते वाऱ्यानं कुठे वाहतात ते रडारनं बघायचं. वसंत गोवारीकर इंग्लंड सोडून थुंब्याला आले ते याच घन इंधनाच्या कामाला.’

‘गोवारीकर म्हणजे पावसाचे ना?’

मंजिरीनं उत्तर दिलं नाही. तिनं बंड्याच्या ताटलीतलं खारी बिस्किट उचललं. तो निषेध होता.

मग तिनं फुग्यांचं काढलं. १९५२, ग्रीनलँडजवळचा समुद्र, अमेरिकी तटरक्षक दलाचं ईस्टविंड जहाज. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ व्हॅन अॅलनकडे पैसे कमी आणि डीकन नावाची स्वस्त घन इंधनी रॉकेटं. (‘डेक्कन नव्हे, बंड्या.’) जमिनीवरून सोडलं तर दाट हवेतच दम संपणार, म्हणून फुग्याला टांगून पंधरा-वीस किलोमीटर वर न्यायचं आणि तिथून डागायचं. पहिली पेटलीच नाहीत. संशय असा, की आतलं घड्याळी यंत्र थंडीत गोठतंय.

‘मग त्यांनी काय केलं? संत्र्याच्या रसाचे डबे गरम केले आणि त्याच्याशेजारी ठेवले. पुढचं रॉकेट पेटलं.’

कट्टा गप्प. आणि आता म्हणे प्रकाशरावांना पटलं. त्यांनी चेहरा गंभीर केला, चष्मा सारखा केला.

‘मंजिरी, एक विचारू? तो रस मग प्यायला कोणी?’

‘तो फुग्याबरोबर वर गेला हो!’

‘म्हणजे वाया?’ प्रकाशराव खरंच कळवळले.

बंड्यानं चहा नाकातून काढला, मंजिरी हसून हसून कट्ट्यावरून घसरली, आणि अमृततुल्यवाल्यानं याच वेळी पुढ्यात येऊन विचारलं, ‘सात हाफ झाले. कोण देतंय?’

प्रकाशरावांना मनीषचा फोन आला.