बंदूक ठाण्यात, वानर बागेत

शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची माझी ठासणीची बंदूक घरात कुलूपबंद कपाटात, दारूगोळ्यापासून वेगळी ठेवावी, हा नियम मला पूर्णपणे मान्य आहे. घरात नातवंडे असल्यामुळे नियम नसता तरी मी तेच केले असते. खदखद आहे ती निवडणूक जाहीर झाली की येणाऱ्या, बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिशीची. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात, आणि विधानसभेची 15 ऑक्टोबरला, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गात भात कापणीला आलेले असताना. दोन्ही वेळा बंदूक पोलीस ठाण्यात आणि वानर, रानडुक्कर माझ्या बागेत, अशी वाटणी झाली. सरसकट शस्त्रे जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, अशी रीत कागदोपत्री आहे, तरीही ज्याच्यावर आयुष्यात साधी तक्रार नाही अशा सत्तरीच्या शेतकऱ्याला बंदूक गोणपाटात गुंडाळून तालुक्याला जावेच लागते. (वाटेत शेजारी कोणी बसत नाही, एवढाच काय तो फायदा.) शिवाय मला कुलपाचे धडे देणाऱ्या पोलिसांच्याच खोलीत माझी बंदूक चिठ्ठी बांधून इतरांच्या बंदुकांसोबत कोपऱ्यात उभी असते, आणि परत मिळते तेव्हा नळीला गंज चढलेला असतो. शेजारच्या काकांनी तर यंदा परवान्याचे नूतनीकरणच केले नाही. ते आता पत्र्याचा डबा बडवत बागेत फिरतात.