पाचगणीच्या घोडीचं बिल: आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या जनावरांच्या दवाखान्याबद्दल अभिप्रायात तुम्ही लिहिलंय, "फोनवर दोन हजार सांगितले, बिल हातात दिलं ६,९०० चं. पोटदुखीला धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. न केलेल्या फेरीचे ६०० लावले. घोडेवाल्यांनो, सावध." आणि वर एक तारा. बिल बघून तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहे. तुमची घोडी मैना परत टेबल लँडच्या पठारावर फिरायला लागली हे आमच्या मुलाने सांगितलं, बरं वाटलं.

बाकीच्या रकमांचं सांगतोच, पण आधी त्या "न केलेल्या फेरी"चं. मला तेच जास्त लागलंय.

रात्री तुमचा पहिला फोन आला तेव्हा तुमचे शब्द होते, "घोडी जरा सुस्त आहे, दाणा खाल्ला नाही, एखादं इंजेक्शन द्यावं लागेल." त्यावर मी दोनेक हजार म्हणालो. रात्रीची व्हिजिट १,५०० आणि वर इंजेक्शन, असा तो हिशोब. वाईहून गाडी काढली. पसरणी घाट जवळजवळ चढून झाला, घाटातल्या हॅरिसन फॉली पॉइंटच्या खाली होतो, तेवढ्यात तुमचा फोन. "डॉक्टर, येऊ नका, तेल पाजलं, उठून उभी राहिली." ठीक आहे म्हटलं. आता घाटात रात्री गाडी कुठेही वळवता येत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमचा जन्म वरच गेलाय. वळायला जागा मिळेपर्यंत मी पाचगणीच्या तोंडाशी पोचलो होतो. तिथून वळून खाली वाईला आलो, फाटकाचं कुलूप काढत होतो तर परत फोन, "लोळायला लागली, लवकर या." परत निघालो. वाई ते पाचगणी साधारण १२ किलोमीटर, आणि ते सगळं चढाचं. फेरी झाली होती दादा. घोडी दिसली नाही एवढंच. दोन्ही फोनच्या वेळा तुमच्या मोबाइलमध्येही असतील, एकदा बघा. पुन्हा १,५०० लावता आले असते, ६०० लावले, तेही डिझेल धरून. त्याला "न केलेली फेरी" म्हणणं मला पटत नाही.

तुमच्या तबेल्यात पोचलो तेव्हा "सुस्त" घोडी घामाने निथळत होती. पोटाकडे वळून बघायची, पाय आपटायची आणि धाडकन अंग टाकायची. शांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात, मैनेचे ६८ होते. यात एका इंजेक्शनने भागत नसतं. गाई-म्हशीला आणि घोड्याला एक न्याय लावून चालत नाही. घोड्याला ओकता येत नाही. पोटात वायू आणि पाणी साठलं तर वर निघायला वाट नाही, ताण वाढत गेला तर पोट फुटतं. म्हणून नाकातून नळी घालावी लागते. ती पोटाऐवजी श्वासनळीत गेली आणि तशीच औषधं सोडली तर जनावर हातचं जाऊ शकतं. त्या नळीचे आणि तपासणीचे मिळून १,५०० आहेत. नळी पोटात गेल्यावर जे आंबूस हिरवं पाणी भसाभसा बाहेर आलं, त्याची बादली तुम्हीच धरली होती. नळी घालायच्या आधी "खर्च वाढेल" असं मी म्हटलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "काय लागेल ते करा, पण घोडी वाचवा." त्याच नळीतून लीद सुटायला तीन लिटर लिक्विड पॅराफिन गेलं. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या २० बाटल्या लागल्या, रिकाम्या बाटल्या तुमच्या पोत्यातच आहेत, मोजून घ्या. पहाटे लीद पडली तोवर मी हललो नाही, आणि थांबण्याचे पैसे बिलात कुठेही नाहीत.

तेलाचं मी त्या रात्री बोललो नाही, पण तुम्ही इथे "घरच्या तेलानेच उतार पडला होता" असं लिहिलंय, म्हणून बोलतो. घोड्याचं तोंड वर धरून बाटलीने तेल पाजलं की ते फुप्फुसात उतरू शकतं. इतर घोडेवाल्यांनी तरी हे करू नये.

धनुर्वाताचं इंजेक्शन पोटदुखीला नव्हतं. लोळताना पत्र्याला घासून मैनेचा मागचा पाय सोलला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात, आणि पाळीव जनावरांत घोड्याइतकं या रोगाला लवकर बळी पडणारं दुसरं नाही. सगळ्या बिलात त्याचे ५० रुपये आहेत.

सरकारी दवाखान्यात थोडक्यात भागलं असतं असं तुम्ही म्हणता, ते खरंय. दिवसा जरूर जा, तिथले डॉक्टर आमचेच सोबती आहेत. पण मध्यरात्री तुम्ही फोन मला केला होता. आणि "रेसकोर्सचे दर" म्हणालात ते वाचून हसूही आलं नाही. नळीने काम झालं नसतं तर खंबाटकी घाट उतरून शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या, असंच मी सांगणार होतो. नुसतं टेम्पोचं भाडं काय झालं असतं ते काढून बघा.

तुमचं पोट घोडीवर आहे तसं माझं या दवाखान्यावर आहे. घोड्याला रात्री हात लावणारे आमच्या भागात फार नाहीत. तुमचा अभिप्राय आल्यापासून दोन जुन्या घोडेवाल्यांनी "डॉक्टर, रेट वाढवलेत का?" असं विचारलं. रेट वाढवलेले नाहीत. रात्रीच्या व्हिजिटचा दर दवाखान्यात लावायचं चाललंय, फोनवरही जमेल तेवढा पूर्ण अंदाज देत जाऊ, पण रोग फोनवर पूर्ण सांगितला तरच.

बिलातले ४,००० तुम्ही दिलेत, २,९०० बाकी आहेत. ते सीझन झाल्यावर दिलेत तरी चालतील, मी मागायला माणूस पाठवणार नाही. धनुर्वाताचा दुसरा डोस चार आठवड्यांनी द्यावा लागतो, तो चुकवू नका. मैनेला घेऊन खाली वाईला आलात तर व्हिजिट लागणार नाही, डोसचेच ५० रुपये होतील. येण्याआधी फोन करा, दुपारी मी गोठ्यांवर असतो.